सलाइनच्या शेजारी एक वही : कॅन्सरच्या उपचारांत चित्राला सोबत कसं घ्यावं

आक्काला पहिल्या केमोला नेलं तेव्हा माझ्या पिशवीत जलरंगांची पेटी, चार ब्रश, पाण्याचा डबा आणि क्वार्टर इम्पिरियल आकाराचे मोठे कागद होते. अठ्ठावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस मी. बहिणीला कॅन्सर झाला म्हटल्यावर मला जे येतं तेच घेऊन निघालो. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सुई उजव्या हातात. मांडीवर फाइल, फाइलवर शाल. पाण्याचा डबा ठेवायचा कुठे? दहाव्या मिनिटाला तो सांडला. मावशींनी येऊन फरशी पुसली, आक्का ओशाळली. तेवढ्यात तिनं डाव्या हातानं कसंबसं एक झाड काढलं होतं, त्यावर मी मास्तरकी केली : ‘‘अगं, छान आलंय की झाड!’’ तिनं कागद पालथा घातला आणि पुढचे तीन आठवडे रंगांना हात लावला नाही.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत आम्ही दोघं चुकत चुकत जे शिकलो ते इथे मांडतो आहे. लिहितोय ते मुख्यतः शेजारी बसणाऱ्यासाठी, कारण पिशवी तोच भरतो आणि नको ते तोच बोलतो. पेशंटनं स्वतः वाचलं तर उत्तमच.

एक गोष्ट आधीच सांगतो. चित्रानं गाठ विरघळत नाही. ‘रंगांनी कॅन्सर बरा करतो’ म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठावं. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ साली एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारानं वापरात आणला. स्वतःच्या क्षयासाठी सॅनेटोरियममध्ये पडून असताना तो चित्रं काढत होता आणि शेजारच्या खाटांवरच्यांनाही काढायला लावत होता. आज तो रीतसर शिकून करायचा व्यवसाय आहे. घरी किंवा ओपीडीच्या बाकावर आपण करतो ते त्याचं धाकटं भावंड. पण निरुपयोगी नाही. शिकागोच्या एका हॉस्पिटलात दाखल असलेल्या ५० कॅन्सर पेशंटांवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. थेरपिस्टबरोबर तासभर चित्र काढल्यावर वेदना, थकवा, घालमेल अशा नऊ तक्रारींपैकी आठ कमी झाल्याचं पेशंटांनी सांगितलं. राहिली ती मळमळ. आमचाही अनुभव अगदी तोच. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या १११ स्त्री पेशंटांच्या अभ्यासात, आठ आठवडे ध्यान आणि चित्र एकत्र केल्यावर मनावरचा ताण उतरल्याचं दिसलं.

आक्कानं तिचं कारण तिच्या भाषेत सांगितलं : ‘‘दिवसभर सगळे मला काहीतरी करत असतात. ही रेघ तेवढी मी करते.’’

पिशवी

वही लहान घ्या, ए-५ आकाराची, स्प्रिंगवाली, म्हणजे पान पूर्ण मागे वळतं आणि एका हातात मावतं. मोठ्या कोऱ्या कागदाची धडधाकट माणसालाही धास्ती वाटते. त्यात खांदा दुखत असेल तर हात त्या टोकापर्यंत जातच नाही. वहीखाली परीक्षेचं क्लिपवालं पॅड हवं.

पेन्सिल ४बी किंवा ६बी. शाळेतली एचबी नको, ती दाब मागते आणि दाब द्यायला बोटांत जोर नसतो. ६बी नुसती टेकवली तरी काळी उमटते. रंगीत पेन्सिलींचंही तेच, दाबल्याशिवाय रंग येत नाही. म्हणून रंगांसाठी तेलखडू. बारा रंगांची कॅमलची पेटी पुरते. जाड असतात, पाणी लागत नाही, सांडायला काही नाही. सोबत चार स्केचपेनं आणि ओले टिश्यू.

पेन्सिली घरी, दुसऱ्या कुणीतरी टोक करून ठेवाव्यात. केमोनंतर रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, शार्पनरच्या पात्याचं एवढंसं कापलं तरी ते निस्तरत बसावं लागतं.

टर्पेंटाइन आणि तैलरंग घरातूनही बाजूला ठेवा, परमनंट मार्करही. निरोग्याला न जाणवणारा वास केमोच्या पेशंटला दारातूनच ओकारी आणतो. कोरडे पेस्टल नकोत, त्यांची पूड नाकात जाते. शाडू किंवा कुंडीतली माती काउंट, म्हणजे रक्तातल्या या पेशींची संख्या, कमी असताना नको. आणि जलरंग वापरलेच तर दरवेळी पाणी ताजं, ब्रश धुऊन वाळवलेला. ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करायची आम्हा चित्रकलावाल्यांची घाणेरडी सवय आहे, ती इथे बंद.

एक चूक माझ्या लक्षात फार उशिरा आली. केमो चालू असताना जे खाल्लं, हुंगलं, पाहिलं त्याचा मळमळीशी सांधा जुळतो आणि नंतर नुसत्या त्या वासानंही पोट ढवळतं. त्यामुळे हॉस्पिटलची पेटी वेगळी आणि घरची वेगळी ठेवा. आक्काला पहिली चार सत्रं ‘लाल औषध’ होतं, डॉक्सोरुबिसिन. दिसायला रसना सरबतासारखं. लघवीसुद्धा लालसर होते, हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस हबकतो. दुसऱ्या सत्रानंतर तेलखडूच्या पेटीतल्या लाल कांडीकडे बघूनही तिला कसंतरी व्हायला लागलं. मी लाल काढून टाकला. पेटीत एक खाच रिकामी राहिली. वर्षभरानं तिनं स्वतःच विचारलं, ‘‘अरे, तो लाल कुठे टाकलास?’’

कधी बसायचं

रोज सकाळी दहा वाजता, असलं वेळापत्रक इथे चालत नाही. एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतच्या एकवीस दिवसांच्या चक्रात पेशंटचे दिवस एकसारखे नसतात आणि वही त्या दिवसांमागून चालली पाहिजे.

केमोचा दिवस लांब असतो, पण त्यातला बहुतेक वेळ वाट बघण्यातच जातो : रक्त दिलं, रिपोर्ट यायचाय, रिपोर्ट आला, खुर्ची मिळायचीय. चित्राला खरी जागा इथे. सलाइन सुरू होण्याआधीचे ते दोन तास.

पहिल्या दोन रात्री झोप लागत नाही, कारण उलटी आणि ॲलर्जी टाळायला दिलेलं स्टेरॉइड, ज्याला वॉर्डात सगळे ‘डेक्सा’ म्हणतात. रात्री दोनला माणूस टक्क जागा, घर झोपलेलं, डोक्यात नको ते विचार. उशाशी वही आणि ६बी ठेवा. आक्काची सर्वांत जास्त पानं याच रात्रींची आहेत.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अंग गळतं. तेव्हा वही दाखवूसुद्धा नका. साधारण सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत काउंट खाली असतो. या काळात बाहेरचं कुणी रंग घेऊन ‘जरा बसू या तिच्यासोबत’ म्हणून येणार असेल तर नम्रपणे थांबवा, पेटी दुसऱ्याच्या हातात देऊ नका, आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर चित्र-बित्र सोडून थेट हॉस्पिटल गाठा. शेवटचा आठवडा मोकळा. घरी टेबलाशी बसून जलरंग लावायचे असतील तर तेव्हा.

एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं. ‘अजून थोडं’ असं वाटत असतानाच थांबलेलं बरं.

पहिलं पान

‘काहीही काढ’ म्हणू नका. असं म्हटलं की मराठी माणूस, वय काहीही असो, दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड काढतो, आणि मग ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणून वही परत देतो. ते डोंगर वाईट नाहीत. पण ते काढताना शाळेतला वर्ग आठवतो, मार्क आठवतात, एलिमेंटरीला मिळालेला ‘सी’ ग्रेड आठवतो.

म्हणून पहिल्या पानावर चित्र नकोच. पेन्सिल कागदाच्या डाव्या कडेला टेकवायची. श्वास सोडताना सावकाश उजवीकडे न्यायची. श्वास संपला की रेघ संपली. घेताना पेन्सिल परत डावीकडे, हवेतून. पुन्हा सोडताना त्याच्याखाली दुसरी रेघ. सरळ येऊ दे, वाकडी येऊ दे. दहा-बारा रेघा झाल्या की पहिली आणि शेवटची शेजारी बघा. पहिली बोटभर असते, शेवटची पानभर. तुम्हीही तुमच्या कागदावर तेच करा. नुसतं बघत बसलेला सोबती म्हणजे परीक्षेचा पर्यवेक्षक.

सुई उजव्या हातात असेल तर डाव्यानं काढा. ही अडचण पुढे आम्हाला सोयीची वाटली, कारण डाव्या हाताकडून कुणाची काही अपेक्षाच नसते. पण सुईचा हात हलवू नका. लाल औषधासारखी काही औषधं शिरेबाहेर गेली तर कातडी जाळतात. सुईच्या जागी चुरचुरलं, सुजलं तर रेघ अर्धी टाकून लगेच सिस्टरला हाक मारा. ऑपरेशनच्या बाजूचा हात, विशेषतः काखेतल्या गाठी काढलेला, उशीवर टेकवून ठेवा आणि मध्येमध्ये विसावा द्या.

पुढची पानं

ठिपके. ‘मला काही येत नाही’ म्हणणारी बाई सोळा ठिपके सोळा ओळींची रांगोळी अंगणात डोळे झाकून घालते. तिला ठिपके मांडून द्या, किंवा तिलाच मांडू द्या. केमोनंतर डोक्यावर धुकं आल्यासारखं होतं, नावं आठवत नाहीत, वाचलेलं ओळीभरात निसटतं. ठिपक्यांची रांगोळी तेव्हाही जमते, कारण पुढचा ठिपका कुठे आहे एवढंच लक्षात ठेवायचं असतं. पण मोठी मांडू नका. पाच ते पाच पुष्कळ झाले. ठिपका चुकला म्हणून निराश झालेली बाई मी पाहिली आहे.

समोरची वस्तू. सलाइनचा स्टँड, थेंब पडतो ती नळी, स्टीलचा डबा, समोरच्या खुर्चीतल्या आजोबांची टोपी. एकच वस्तू, कागदाकडे न बघता, नजर तिच्या कडेवरून मुंगीसारखी फिरवत. चित्र वेडंवाकडं येणार हे ठरलेलंच असतं, त्यामुळे हसू येतं. केमोच्या खोलीत हसू आलं तर दोन खुर्च्यांपलीकडचाही वळून बघतो.

कागद फाडणं. हात फारच थकलेले असतील तर रंगीत मासिकाचे तुकडे फाडायचे आणि वहीत मांडायचे. कात्री नको, डिंकाच्या कांडीनं चिकटवायचं. याला कमी समजू नका. आंरी मातिस या फ्रेंच चित्रकाराच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन १९४१ साली झालं. परळला टाटा हॉस्पिटल सुरू झालं तेच हे वर्ष. तो वाचला, पण ईझलसमोर उभं राहणं सुटलं. मग मदतनीस कागद रंगवून देत आणि तो चाकांच्या खुर्चीत किंवा पलंगावर बसून ते कात्रीनं कापून आकार काढत असे. भिंतीवर काढायचं तर लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून. १९५४ पर्यंत तो जगला, आणि त्याची सगळ्यात निर्भर कामं या काळातली आहेत.

शरीराचा नकाशा

या सगळ्यातून एकच निवडायचं झालं तर मी हे निवडीन.

पानावर साध्या बाहुलीसारखी दोन माणसं काढा, एक समोरून, एक पाठीमागून. पेशंटनं स्वतः रंग ठरवायचे : दुखणं कुठला, मुंग्या कुठला, जडपणा कुठला, बरं वाटतं तिथे कुठला. कोपऱ्यात कुठला रंग कशाचा त्याची खूण, तारीख, कितवी केमो ते. मग जिथे जे असेल तिथे तो रंग घासायचा. दर आठवड्याला एक नकाशा, नवं पान.

आक्काची अडचण अशी की डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ती ‘बरंय’ म्हणते. आमच्या घरात दुखणं सांगणं म्हणजे कुरकुर. लाल औषध संपून पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध सुरू झालं, दर आठवड्याचं. मुंग्यांसाठी तिनं पिवळा निवडला होता. पहिल्या नकाशात पिवळा नुसता पायाच्या बोटांना, नखाएवढा. तिसऱ्यात तळव्यापर्यंत. पाचव्यात घोट्याच्या वर, आणि हातांची बोटंही पिवळी. मी ओपीडीत पाचही पानं टेबलावर ओळीनं मांडली. डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय’ विचारलंच नाही. पानांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘‘ताई, ब्लाउजचे हुक लावता येतात?’’

आक्का गप्प. मग म्हणाली, ‘‘सून लावते.’’

त्या दिवशी डोस बदलला. महिनाभर ती रोज ज्याला ‘बरंय’ म्हणत होती ते त्या पाच पानांवर पिवळं होऊन पडलं होतं.

हातापायांच्या नसांवर परिणाम करणारी औषधं आणखीही आहेत, व्हिन्क्रिस्टिन, ऑक्सॅलिप्लॅटिन वगैरे. नकाशा त्या सगळ्यांना उपयोगी. बोटांना पेन्सिल कळेनाशी झाली तर तिच्याभोवती जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर एक ध्यानात ठेवा : त्या औषधानंतर काही दिवस गार वस्तूला हात लागला की शॉक बसल्यासारखं होतं. जलरंगांचं पाणी कोमट घ्या आणि स्टीलची पट्टी, एसीत गार पडलेलं पॅडचं क्लिप हातात देऊ नका.

तोंडाचा कॅन्सर असेल तर

तंबाखू-मिश्रीमुळे आपल्याकडे हे पेशंट फार. जबड्याचं, गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं की काही दिवस बोलणं बंद, कधी कायमचं अस्पष्ट. इथे चित्राचं पहिलं काम संवादाचं आहे. शाळेची पाटी किंवा मुलांचा पांढरा बोर्ड द्या, आणि ऑपरेशनच्या आधीच घरात दहा खुणा ठरवून काढा : पाणी, दुखतंय, घसा साफ करा, दिवा बंद, पाहुणे नकोत. शेवटची खूण सगळ्यात जास्त वापरली जाते. लिहिता-वाचता न येणाऱ्या पेशंटला तर पाटी हाच आवाज. मानेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा खांदा वर उचलत नाही, म्हणून पाटी मांडीवर, डोळ्यांसमोर उभी नको.

काय बोलू नये

‘छान’ नको. छान म्हटलं की पुढचं पान छान काढायची जबाबदारी येते. ‘हे काय आहे?’ हेही नको. ते काहीच नसेल तर? ‘इतकं काळं का?’ हे तर मुळीच नको. काळा रंग म्हणजे निराशा, पिवळा म्हणजे आशा, असले कोष्टक-अर्थ मनातून काढून टाका. आक्काच्या मुंग्या पिवळ्या होत्या. तिनं एकदा पूर्ण पान काळं केलं, मी धास्तावलो, तर म्हणाली, ‘‘कांडी संपवत होते, बारकी झाली होती.’’

मग बोलायचं काय? दिसतं ते सांगा, मत देऊ नका : ‘इथे तू बराच वेळ होतीस.’ ‘ही रेघ पार कडेपर्यंत गेली.’ ती बोलली तर ऐका. नाही बोलली तर तुमच्या कागदावर तुमची रेघ ओढत राहा.

कधीकधी मात्र पानावरचं खरंच जड असतं. माणूस रडायला लागला तर घाईनं थांबवू नका, टिश्यू द्या, बसून राहा. पण ‘आता मला जगायचं नाही’, ‘माझ्यामागे तुमचं सुटेल’ असं शब्दांत किंवा चित्रांत पुन्हापुन्हा येऊ लागलं, जेवणखाण आणि बोलणं तुटलं, तर ते आपल्या आवाक्यातलं नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञ मागून घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

घरात लहान मूल असेल तर त्यालाही एक वही द्या, पण वेगळी. आईच्या वहीत त्यानं भर घालायची नाही आणि त्याच्या वहीत आजी-काकांनी डोकावायचं नाही.

पानांचं काय करायचं

प्रत्येक पानामागे तारीख आणि केमोचा नंबर टाका. पान फाडायचं असेल तर ज्यानं काढलं त्यानं फाडावं. मी एकदा फाटके तुकडे गोळा करून चिकटवले, त्यावर आक्का चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आणि विचारल्याशिवाय फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तीस जणांचे हात जोडलेले इमोजी आले की वही कॉलेजच्या भित्तिपत्रकासारखी होते, आणि रात्री दोनला तिच्यात खरं काही उतरत नाही.

शरीराचे नकाशे तेवढे फाइलीत लावा, रिपोर्टांच्या मागे. ते डॉक्टरांसाठीच असतात.

आक्काची वही तिच्या कपाटात आहे, पैठणीच्या घडीखाली. त्या डेक्साच्या रात्रींची पानं मी अजून पाहिलेली नाहीत.